बेरीज चौदा आली, आता पुढे काय?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. २०१० साली काश्मीरमध्ये पेट्रोलिंगला असताना आयईडीचा स्फोट झाला. उजवा पाय गुडघ्याखालून गेला, मणक्याला फ्रॅक्चर, डावा कान गेला, डोक्यालाही मार. पुण्यात पाय बसवला, मग मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवलं आणि बोर्ड आऊट होऊन घरी आले. गावात सगळे त्यांना मेजर म्हणतात. इतकी वर्षं ते भरतीला जाणाऱ्या पोरांची पहाटे मैदानावर तयारी करून घ्यायचे. खुर्चीवर बसून, शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन. गेल्या दिवाळीपासून ते बंद केलंय. विचारलं की म्हणतात, पाय दुखतो. रात्री झोप नाही, दिवसभर पडून असतात. कँटीनची रम आधी रविवारी असायची, आता रोज. मागच्या महिन्यात दवाखान्यात नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. सिस्टर मोठ्याने वाचत होत्या, हे उत्तरं देत होते, मी शेजारीच होते. कागदाचा आणि गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवते. बेरीज १४ आली. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या जखमा आहेत, चौदा येणारच," आणि दुखण्याच्या गोळ्या वाढवल्या. घरी येताना हे म्हणाले, "मला वेडा ठरवू नका. बोर्डाला कळलं तर पेन्शन जाईल." परवा जेवताना म्हणाले, "मी नसलो तरी तुला फॅमिली पेन्शन मिळेल, कागद सगळे फाइलला लावून ठेवलेत." घरात लायसन्सची बारा बोअरची बंदूक आहे. मुलगा अकरावीला आहे, त्याला काही सांगितलेलं नाही. हे जखमांमुळे चाललंय की डिप्रेशन आहे? मी काय करू?

उत्तर :

ताई,

कागदाकडे मग येते. आधी तुमच्या शेवटच्या ओळी. फॅमिली पेन्शनचं ते बोलणं आणि घरातली बंदूक, या दोन गोष्टी सोडून बाकी सगळ्याला महिना लागला तरी चालेल.

फौजी माणसाच्या फायली नीट लावलेल्या असतातच, त्यामुळे ते वाक्य नुसतं व्यवस्थितपणाचंही असू शकेल. पण मैदान सुटलं, झोप गेली, रम रोजची झाली आणि त्यात "मी नसलो तरी" आलं, तर मी ते सहज म्हटलेलं धरत नाही. तुम्हीही धरू नका. आज मुलगा झोपला की त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला बसा आणि सरळ विचारा : "जगणं नको वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?" "तसलं काही नाही ना मनात?" असं विचारलंत तर "नाही" हेच उत्तर येईल, कारण प्रश्नानेच ते मागून घेतलेलं असतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटलेली माणसंच मी जास्त पाहिली आहेत.

"हो" आलं तर रडू आलं तरी हरकत नाही, पण मुलांची शपथ घालू नका आणि "आम्हाला सोडून जाणार होतात?" असा जाबही विचारू नका. काही ठरवलंय का, कसं, कधी, एवढं विचारा. ठरवलेलं असेल तर त्यांना एकटं न सोडता त्याच रात्री रुग्णालयात न्या. अशा तातडीत ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, यादीतल्या रुग्णालयात रेफरलशिवाय जाता येतं. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फोन चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि फक्त तुम्ही घाबरलात म्हणूनही तो लावता येतो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये पुण्यात एएफएमसी या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी टेलि-मानसचा खास कक्ष सुरू झाला आहे. "सिव्हिलवाल्यांना आमचं काय कळणार" असं मेजर म्हणाले तर त्यांना हे सांगा.

"नाही" आलं तरी बंदूक घराबाहेर गेली पाहिजे. लपवू नका. त्यांना ती सापडेल आणि तुमच्यावरचा विश्वास तेवढा जाईल. निवडणुकीच्या वेळी परवानाधारक आपली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करतात हे त्यांना माहीत आहे. तशी काही महिने ठाण्यात ठेवता येईल की परवानाधारक विक्रेत्याकडे, एवढी चौकशी करा. हा विषय तुम्ही काढण्यापेक्षा त्यांच्या युनिटचा एखादा जुना सोबती काढेल तर बरं. "मेजर, झोप नीट लागेपर्यंत ती तिकडं राहू दे" हे त्याने म्हटलेलं त्यांना टोचणार नाही. फवारणीचं औषध घरात ठेवत असाल तर तेही हलवा. खेड्यापाड्यात बंदुकीपेक्षा त्यानेच जास्त जीव जातात. गोळ्यांची पाकिटं तुमच्याकडे ठेवा आणि आठवड्यापुरत्याच बाहेर काढा.

आता कागद. त्याला पीएचक्यू-९ म्हणतात. २००१ पासून वापरात आहे, मराठीतही मिळतो. मागच्या दोन आठवड्यांत नऊ त्रास किती दिवस झाले हे विचारायचं, प्रत्येकाला ० ते ३ गुण, सगळे मिळून २७. दहा किंवा जास्त आले की माणसाशी बसून नीट बोलावं, असा त्याचा संकेत. १० ते १४ म्हणजे मध्यम. त्या बेरजेवरून "तुम्हाला डिप्रेशन आहे" असं कुणी सांगू नये आणि "नाही" असंही सांगू नये. तुमच्या डॉक्टरांनी दुसरं केलं.

मेजरांचे गुण कुठून आले ते पाहू. झोप ३, थकवा ३, लक्ष न लागणं ३, भूक १, हालचाली मंद होणं १. हे झाले अकरा. उरलेले तिन्ही गुण एकाच प्रश्नाचे आहेत : कशातच रस किंवा आनंद वाटत नाही, ३. उदास वाटणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं आणि मरणाचे विचार, तिघांसमोर शून्य.

पहिल्या अकरा गुणांबद्दल डॉक्टरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. नसलेल्या पायाची बोटं रात्री ठणकतात, मणका कूस बदलू देत नाही, मग झोप कुठली? चिठ्ठीवर प्रीगॅबालिन ही नसांच्या वेदनेची गोळी दिसतेय, तिने दिवसा गुंगी येते. डोक्याला मार लागलेल्यांचं लक्ष वर्षानुवर्षं टिकत नाही. शरीरात चार ठिकाणी मोडतोड झालेल्या माणसाच्या हातात हा कागद दिला की प्रत्येक जखम आपापले गुण टाकून जाते. वैद्यकातला हा जुना घोळ आहे. म्हणूनच १९८३ मध्ये रुग्णालयातल्या रुग्णांसाठी एचएडीएस नावाची १४ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली केली गेली. तिच्यातून झोप, भूक, थकवा हे शरीराचे प्रश्न मुद्दाम वगळले आहेत. काही डॉक्टर दुसरी युक्ती करतात. ते झोप-भुकेच्या जागी माणूस लोकांतून उठून गेलाय का, चांगली बातमी सांगितली तरी चेहरा हलत नाही का, मनात तेच तेच कडू घोळत राहतं का, हे बघतात. मला ही दुसरी रीत खेड्यातल्या घरात जास्त उपयोगी वाटते, कारण ही उत्तरं बायकोला माहीत असतात.

पण गुण जखमेमुळे येऊ शकतो आणि जखमेमुळेच आला, या दोहोंत अंतर आहे. डॉक्टर तिथेच थांबले. पाय २०१० पासून नाही. मैदान गेल्या दिवाळीपासून बंद आहे. मधली सगळी वर्षं खुर्चीत बसून शिट्टी फुंकायला त्या पायाने अडवलं नव्हतं. अनेक जखमा असलेल्या माणसाच्या बाबतीत "हे आधीपासून असंच होतं का अलीकडे सुरू झालं?" हा एक प्रश्न कुठल्याही बेरजेपेक्षा मला जास्त सांगतो. कागदावरच्या प्रत्येक ओळीसमोर तुम्ही पेन्सिलीने लिहा : जुनं, की दिवाळीनंतरचं. लक्ष आधीही लागत नसेल तर तो गुण बाजूला ठेवा. झोप दिवाळीनंतर आणखी बिघडली असेल तर ती मोजा.

रस न वाटण्याचे ते तीन गुण मी बाजूला ठेवायला तयार नाही. या प्रश्नावलीचे पहिले दोन प्रश्न, रस आणि उदासी, हेच तिचं दार आहे. अनेक ठिकाणी सुरुवातीला तेवढे दोनच विचारतात आणि दोन्ही मिळून तीन गुण झाले की उरलेले सात विचारतात. मेजरांचे एकट्या पहिल्या प्रश्नातच तीन झालेत.

आता शून्यांबद्दल. माझ्या मते तुमच्या कागदावर जास्त बोलणारे आकडे तेच आहेत. सैन्यात माणसाची वैद्यकीय प्रतवारी "शेप"वर होते. त्यातलं पहिलं अक्षर मनाचं, मग कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता आणि डोळे. पहिल्या अक्षराची श्रेणी घसरली की काय होतं हे प्रत्येक जवान भरती झाल्यावर लवकरच शिकतो : हत्यार, ड्यूटी, कोर्स, प्रमोशन, सगळ्यावर सावट. पाय गेल्याची नोंद सन्मानाने होते, मनाची नोंद खाली मान घालून. इतकी वर्षं "कैसे हो?"ला "ठीक हूँ, साब" हे एकच उत्तर दिलेल्या माणसाला दवाखान्यातल्या टेबलावर "स्वतःबद्दल वाईट वाटतं का?" असं विचारलं तर तो काय सांगणार? म्हणजे या कागदावर दोन खोट एकाच वेळी आहेत. जखमा बेरीज वर ओढतात, सवय ती खाली दाबते. चौदाचा आकडा त्या ओढाताणीतून आलाय, म्हणून तो चौदा आहे की वीस यावर मी वेळ घालवणार नाही.

त्यात तो भरून घेण्याची तऱ्हा. गजबजलेली खोली, सिस्टर मोठ्याने वाचतायत, ऐकणाऱ्याचा एक कान गेलेला, शेजारी बायको. नीट ऐकू न आलेला माणूस मान हलवतो, आणि बायकोसमोर कुठलाही नवरा मरणाच्या प्रश्नाला शून्यच सांगतो. पुढच्या वेळी मराठी कागद, मोठ्या अक्षरात, त्यांच्या हातात द्यायला सांगा. सकाळची वेळ, डोकं ताजं असताना. तुम्ही बाहेर थांबा. नऊ प्रश्नांच्या खाली आणखी एक ओळ असते : या त्रासांमुळे काम, घर, माणसं सांभाळणं किती अवघड झालं? तिला गुण नाहीत म्हणून पुष्कळदा कोरी सोडतात. तुमच्या फोटोतही कोरी आहे. मी असते तर तीच आधी वाचली असती.

"इतक्या वर्षांनी कसं होईल?" असं कुणी म्हणेल. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात लढाईत जबर जखमी झालेल्या सैनिकांना पहिल्या, चौथ्या आणि सातव्या महिन्यात अशाच प्रश्नावल्या दिल्या होत्या. तो अभ्यास २००६ मध्ये छापून आला. पहिल्या महिन्यात नैराश्य ४.४ टक्क्यांत दिसलं, सातव्या महिन्यात ९.३. आणि सातव्या महिन्यात नैराश्य किंवा स्फोटासारख्या आघातानंतरचा ताणविकार दिसलेल्यांपैकी ७८.८ टक्के जण पहिल्या महिन्यात दोन्हींत ठीक निघाले होते. पलंगावर असताना माणूस जगल्याच्या भरात असतो, भेटायला साहेब येतात, फुलं येतात. पुढचं सगळं नंतर सुरू होतं. अमेरिकेत माजी सैनिकांना म्हणून दरवर्षी हे प्रश्न विचारतात. आपल्याकडे पाय आणि कान दाखवायला बोलावतात. मनाचं तुम्हालाच मागून घ्यावं लागेल.

दिवाळीत नेमकं काय झालं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. फटाक्यांनी स्फोट परत आठवायला लागला का? मैदानावरचा एखादा पोरगा परत आला नाही का? की अग्निवीर आल्यापासून पहाटे येणारी पोरंच कमी झाली? पहिलं असेल तर ताणविकाराची वेगळी तपासणी लागेल : दचकणं, भयाण स्वप्नं, आवाज टाळणं. तिसरं असेल तर थोडं दुःख रास्तच आहे, आणि त्याला आजार म्हणायची घाई मीही करणार नाही.

गोळ्यांबद्दल मात्र घाई करा. चिठ्ठीवरची ट्रामाडॉल ही दुखण्याची गोळी, प्रीगॅबालिन आणि वर रोजची रम, हे तिन्ही एकत्र श्वास मंद करू शकतात, झोपेत तर जास्तच. हे डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा. रमचं त्यांच्यापासून लपवलं असेल, तर आता लपवू नका. पण चिडून बाटली ओतून देऊ नका. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हात कापण्यापासून फिट येण्यापर्यंत काहीही होतं, आणि डोक्याला मार लागलेल्याला तो धोका जास्त. ट्रामाडॉलचंही तसंच, सोडायचं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. नैराश्याच्या अनेक गोळ्यांबरोबर ट्रामाडॉल जुळत नाही, दोन्हींनी मिळून फिट येऊ शकते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक असलं तरी. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर एकदा पाहून घ्यायला सांगा. रात्री मोठ्याने घोरतात आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो का, हेही सांगा.

आणि "पाय दुखतो" हे खोटं समजू नका. वय आणि वजन बदललं की स्टंपचा, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाचा, आकार बदलतो आणि कृत्रिम पायाचा तो टोक बसवायचा जुना सॉकेट रुततो. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून हेच काम करतंय, तिथे दाखवून किती वर्षं झाली? वेदना आणि नैराश्य एकमेकांना वाढवतात, त्यामुळे दोन्ही धरून उपचार करायचे असतात. तुमच्या "हे की ते" प्रश्नाला माझं उत्तर असं की दोन्ही असण्याची शक्यता जास्त आहे, आणि जखमा आहेत म्हणून नैराश्याचे उपचार थांबवायचं काही कारण नाही. काही गोळ्या नसांची वेदना आणि नैराश्य दोन्हींवर चालतात. कोणती, ते मेजरांना तपासणारे ठरवतील. परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, पूर्ण यायला त्याहून जास्त, आणि बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवायच्या. सोबत समुपदेशन हवंच. त्यातली एक साधी पद्धत म्हणजे मन तयार व्हायची वाट न बघता सुटलेलं काम छोट्या तुकड्याने परत धरायचं. आठवड्यातून एक पहाट, एकच पोरगा, एकदा सोळाशे मीटरची वेळ घ्यायची, बस.

पेन्शन. स्फोटातल्या जखमेबद्दल मंजूर झालेली पेन्शन नैराश्यावर उपचार घेतले म्हणून कापली जात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यांना आहे. माझ्या शब्दावर मेजरांचा विश्वास बसणार नाही, आणि तसा बसूही नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन त्यांनीच विचारावं. तिथले लोक त्यांच्याच भाषेत बोलतात, आणि घराबाहेर पडायला निमित्तही होईल.

मुलाला सांगा. अकरावीच्या पोराला बाबा बदललेत हे कळलेलं असतंच, का बदललेत तेवढं कळत नाही, मग ते कारण तो स्वतःत शोधतो : माझे मार्क, माझा मोबाइल. "बाबांची तब्येत बरी नाही, झोप आणि मन दोन्ही बिघडलंय, डॉक्टरांना दाखवतोय, तुझ्यामुळे झालेलं नाही." एवढं पुरे. बंदुकीचं, फाइलचं त्याच्यावर टाकू नका, आणि बापावर नजर ठेवायला तर मुळीच बसवू नका. त्यासाठी दीर, चुलते, तो युनिटवाला सोबती आहेत.

या आठवड्यात ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाचा रेफरल घ्या. आत गेल्यावर चार गोष्टी बोला : दिवाळीपासून मैदान सोडलंय, फॅमिली पेन्शनबद्दल असं बोलले, रोज रम आणि या गोळ्या एकत्र चालल्यात, आणि कागद पुन्हा एकट्याने लिहून भरायचाय. तोच कागद चार आठवड्यांनी परत भरायला मागा. "एवढ्या जखमांत येणारच" असं पुन्हा ऐकू आलं तर हे उत्तर त्यांच्या टेबलावर ठेवा. डॉक्टर माझ्यावर रागावले तर रागावू देत, रेफरल मात्र घेऊनच बाहेर या.